तीन नंबरच्या खोलीतला 'हो'

'हो' हा शब्द आमच्या खाणावळीच्या माडीवर, तीन नंबरच्या खोलीत भाड्याने राहतो. दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडे, चहा बाहेर. बुटका, गोल चेहऱ्याचा, आणि तोंड कायम जरासं उघडं. शेळवंडी तालुक्यात जेवढे म्हणून 'हो' लागतात ते सगळे तोच पुरवतो, आणि तालुक्याची कचेरी आमच्या गावात असल्यामुळे त्याला इथे खोली घ्यावी लागली. बदलीवर आलेले तलाठी, मास्तर, गुरांचे डॉक्टर आमच्याकडे राहतातच. शब्द हा पहिलाच. पण भाडं वेळेवर देतो आणि भिंतीला खिळे ठोकत नाही, तेव्हा आमची काही तक्रार नव्हती.

खाणावळ माझ्या थोरल्या बहिणीची, चंपूअक्काची. मी बाजारहाट करतो, खोल्या झाडतो आणि नळाला पाणी नाही म्हणून लोकांच्या शिव्या खातो. अक्काचं लग्न राहून गेलं. आधी वडील अंथरुणाला खिळलेले, मग मी लहान, मग खाणावळीचा व्याप. पुढे माझे केस पांढरे झाले, तरी मी लहान आहे या कारणात आमच्या घरी कुणी बदल केला नाही.

एक नंबरात विश्राम परुळेकर राहायचे. ते एका नाटक कंपनीत पेटी वाजवत. कंपनी आमच्याच गावात मोडली, नट-नट्या मिळेल त्या गाडीने घरी गेल्या, आणि परुळेकर मात्र पेटी घेऊन आमच्याकडे जेवायला आले ते राहिलेच. शाळेत गाणं शिकवत. दर रविवारी जेवण झालं की ताकाचा पेला उपडा ठेवायचे आणि विचारायचे, "चंपावतीबाई, करायचं का मग?"

काय करायचं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाल्यालासुद्धा.

अक्का भांडी गोळा करता करता म्हणायची, "बघू."

असं बरीच वर्षं चाललं होतं. अक्काला परुळेकर आवडत नव्हते असं मुळीच नाही. त्यांच्या आमटीत ती गूळ थोडा जास्त घालायची आणि बाकीच्या पंगतीला तो मुकाट्याने खावा लागायचा. पण 'हो' म्हणजे मोठी गोष्ट, आणि मोठ्या गोष्टीला आमच्याकडे 'बघू' म्हणायची रीत आहे.

मग एका रविवारी परुळेकरांनी पेला उपडा ठेवला आणि काही विचारलं नाही. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी वेंगुर्ल्याला निघतोय. भाचीनं माझ्यासाठी एक खोली बांधलीय. आता कुठंतरी एका जागी टेकावं म्हणतो. स्टँडवर एकदा विचारीन तुम्हाला. मग त्रास देणार नाही."

अक्काने भांडी उचलली. मोरीत बराच वेळ नळ चालू होता, आणि तो कधी नव्हे ते चालू होता म्हणून मीही बंद करायला गेलो नाही.

मंगळवारी दुपारी पंगत बसलेली असताना बँकेच्या शिपायाच्या आमटीत वरून गार पाणी टपकलं. मी फडकं आणि बादली घेऊन माडीवर गेलो. पाणी तीन नंबरातून येत होतं. दार ढकललं आणि तिथेच थांबलो.

खोलीच्या कोपऱ्यात बर्फ साचला होता. पांढराशुभ्र, गुडघाभर. खिडकीतून आमच्याच गावचं रणरणतं ऊन आत येत होतं आणि बर्फ कडेकडेने वितळत होता. कपडे वाळत घालायच्या दोरीवर एक भलंमोठं शीड लटकत होतं, ओलं, खारट वासाचं. कोनाड्यात, जिथे आधीचे तलाठी दाढीचं सामान ठेवायचे, तिथे धान्याची कणसं उभी करून ठेवली होती. 'हो' खाटेवर बसून पाय पुसत होता.

"माफ करा, दिगूभाऊ," तो म्हणाला. "अंग झटकून यायला वेळ मिळाला नाही. हंगेरीत माझा अर्थ बर्फ. तिकडे थंडी पडलीय."

"आणि हे शीड?"

"जपानातलं. तिथं दोन कामं आहेत, शिडाचं आणि कणसाचं. दोन्ही वाऱ्याची." एवढं बोलून तो खोकला, आणि खोकून झाल्यावर म्हणाला, "हे व्हिएतनामचं. तिथं माझा अर्थ खोकला. ही नोकरी जुनी आहे, सोडवत नाही."

एक शब्द इतक्या ठिकाणी एकाच दिवशी कसा जातो, हे मी विचारलं नाही. आमच्या वायरमनकडेही बरीच गावं आहेत. पण मी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. मी तालुक्याच्या बाहेर फारसा गेलेलो नाही. समुद्र एकदा पाहिलाय, तोही ओहोटीचा. आणि इथे माझ्याच घरात, मी झाडलेल्या फरशीवर, कुठल्या तरी परक्या देशाचा हिवाळा येऊन पडला होता. मी बोटाने तो बर्फ शिवून पाहिला. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तो सांगत गेला. नेपाळातही 'हो'च म्हणतात, पण चढणीवर माणसं दमलेली असतात म्हणून जपून म्हणतात. कोळ्यांच्या गाण्यात तो वल्ह्याबरोबर पुढे-मागे होतो. पोवाड्यात शाहीर दम घ्यायला थांबला की मागची माणसं याला पुढे करतात. नाताळात लाल कपडे घालून एका म्हाताऱ्याचं हसणं सांभाळावं लागतं.

"सगळ्यात हाल नाटकात," तो म्हणाला. "गाणारा पट्टीचा असला की एका तानेत मला नदीपलीकडं नेऊन परत आणतो. अंग खिळखिळं होतं. पेटीवर परुळेकर असले तर बरं, त्यांनी खालून हात धरलेला असायचा. मला त्यांनी कधी पडू दिलं नाही."

"इतकी कामं म्हटल्यावर माणूस दमणारच," मी म्हणालो.

"त्यांनी नाही दमत. दमतो तो शेळवंडीनं."

मला हे लागलं. गावाचा थोडाफार अभिमान आपल्याला असतोच. मी म्हणालो, "इथं तुला असं काय मोठं काम आहे?"

"इथं मला तीन-तीनदा बोलावतात," तो म्हणाला. "फोन कानाला लावला की 'हो हो हो, आलोच.' मी तीनदा धावत जातो. आणि माणूस जागचा हलत नाही. 'हो हो, तुमचं काम झालंच समजा.' मी जातो, तर काम तसंच पडलेलं. दिवसभर मला असं रिकामं पळवतात. आणि जिथं मी एकदाच लागतो, जीव जाईल इतका लागतो, तिथं मला बोलवतच नाहीत. तिथं 'बघू'ला बोलावतात."

'बघू' कुठे राहतो ते मला माहीत होतं. त्याचं गावात स्वतःचं घर आहे, दुमजली.

"मला रजा हवीय, दिगूभाऊ. झारखंडात, चाईबासाच्या बाजूला, एक समाज आहे. त्यांच्या भाषेचं नाव तेच माझं नाव. त्यांच्या बोलीत माझा अर्थ माणूस."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "माणूस?"

"माणूस. पोरं धरून, म्हातारी धरून, सगळी."

"मग तिथं तुला काम काय?"

"काही नाही," तो म्हणाला. "तिथं नुसतं असायचं असतं."

बर्फाचा एक ढिगारा घसरून फरशीवर आला. आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत बसलो. मग मी म्हणालो, जा की, भाडं मी अक्काला सांगून महिनाभर थांबवतो. त्याने नकाराची मान हलवली. रजा मंजूर झाल्याशिवाय जाता येत नाही. शब्दांच्या खात्यात कागद चालत नाही, रजा तोंडी मागायची आणि साहेबांनी तोंडाने 'हो' म्हणायचं, असा नियम आहे. तो दर महिन्याला कचेरीत जाऊन मागतो. साहेब म्हणतात, बघू.

हे मी खाली जाऊन अक्काला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. बर्फाचं ऐकून तिने फक्त "जिन्यावर सांडू देऊ नकोस" एवढंच म्हटलं. तिकडे 'हो' म्हणजे माणूस, हे ऐकून ती थोडी थांबली. साहेबांचं ऐकलं तेव्हा तिचा हात पिठातच राहिला आणि तव्यावरची भाकरी करपली. अक्काची भाकरी करपलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

शुक्रवारी ती इस्त्रीचं लुगडं नेसून कचेरीत गेली. मला आणि 'हो'ला बरोबर घेतलं. तालुका शब्दाधिकारी श्री. कुंभोजकर यांचं टेबल खिडकीशी आहे. माणूस वाईट नाही, आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी न्यायला येतात.

"साहेब, आमच्या पाहुण्यांना रजा द्या," अक्का म्हणाली.

"बघू," साहेब म्हणाले.

अक्का खुर्चीवर बसली. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. "बघू म्हणजे काय ते मला विचारा," ती म्हणाली. "मी ते फार वर्षं म्हणत आलेय. बघू म्हणणारा बघत नसतो, साहेब. तो दुसरीकडं तोंड करतो, आणि समोरचा आपला बघत बसतो. आज मी पहिल्यांदा टेबलाच्या या बाजूला बसलेय."

साहेबांनी पेपरवेट इकडचा तिकडे केला. मग नियम समजावला. रजा मंजूर केली की ती त्याच क्षणी लागू होते, महिनाभरासाठी, तालुक्यापुरती. बाहेरच्या देशांत बदली कामगार असतात. शिवाय यांचं घर एकत्र कुटुंबाचं. 'होय' आणि 'व्हय' हे सख्खे भाऊ. एक गावाला निघाला की सगळे निघतात. तालुक्यात मागे 'हं' तेवढा उरेल, पण तो नाकातला आवाज, शब्दांच्या खात्यात मोडत नाही, त्यावर कुणाला काही बंधनकारक नाही. "आणि 'अहो'चं काम कोण करणार?" त्यांनी विचारलं. "बायामाणसांच्या तक्रारी माझ्याकडे येतील."

मी मनात रविवारचा हिशेब केला. अक्काच्या कानाशी वाकून म्हणालो, "अक्का, परवा स्टँडवर तुला हा लागणार आहे. साहेबांना म्हणावं, सोमवारी द्या."

साहेबांनी ते ऐकलं. "सोमवारी मी प्रशिक्षणाला चाललोय," ते म्हणाले. "तिथून आलो की निवडणुकीचं काम. मग बघू."

अक्काने 'हो'कडे पाहिलं. तो दाराशी उभा होता, कारण त्याला कचेरीत बसायची सवय नव्हती. त्याच्या कॉलरवर थोडा बर्फ राहिला होता आणि तो वितळून शर्टाच्या आत जात होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "राहू दे, ताई. माझं पुढं कधीतरी."

अक्काचा चेहरा मला आजही दिसतो. तिला काय द्यावं लागतंय ते तिला पुरतं कळत होतं.

"आत्ता म्हणा, साहेब," ती म्हणाली.

कुंभोजकर साहेबांनी पेपरवेट खाली ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, "हो."

मी आयुष्यभर हा शब्द ऐकत आलो, पण तो खुद्द हजर असताना, एकदाच आणि मनापासून म्हटलेला मी तेव्हाच ऐकला. तव्यावर भाकरी टम्म फुगते तसा तो कचेरीभर भरला. शिपाई, टायपिंगवाली मुलगी, बाहेर दाखल्यासाठी बसलेले लोक, सगळ्यांनी माना वर केल्या. एक म्हातारा उगाचच हसला. माझ्या अंगावर काटा आला तो घरी येईपर्यंत गेला नाही.

दाराशी कुणी नव्हतं. फरशीवर थोडं पाणी होतं आणि एक कणीस पडलं होतं. अक्काने ते उचलून पदराला बांधलं.

शनिवारी गाव जरा अडखळत चाललं. फोनवर 'हो हो हो' म्हणायची सवय असलेले लोक तोंड उघडून थांबत, आणि थांबल्यामुळे त्यांना समोरच्याचं ऐकू येई. काही कामं त्या दिवशी खरोखरच झाली. बाजारात पोस्टमास्तरांच्या बायकोला नवऱ्याला हाक मारायची होती. 'अहो' निघेना, तेव्हा तिने नाइलाजाने "सदाशिव" अशी हाक मारली. लग्नातल्या उखाण्यानंतर पोस्टमास्तरांनी आपलं नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते वांगी हातात घेऊन उभेच राहिले. मग दोघं बराच वेळ बाजारात नुसती हिंडत होती.

घरी मी अक्काला दुसरे शब्द सुचवत होतो.

"चालेल म्हण."

"चालेल आपण शिळ्या भाताला म्हणतो."

"मग हरकत नाही म्हण."

"मी काय परुळेकरांना खोली भाड्यानं देतेय?"

"बरं म्हण."

"बरं डॉक्टरला म्हणतात."

"मग नुसती मान तरी हलव."

"मान मी भाजीवाल्यालाही हलवते, दिगू." ती चुलीसमोर बसली होती. तोंडाचा गोल करून बघायची, आत श्वास घ्यायची, आणि बाहेर नुसता वारा यायचा. मी तिथून उठून गेलो. अक्का घरातून गेली तर आमटीचं काय, ही काळजी मी आठवडाभर करत होतो. त्या संध्याकाळी मला त्या आमटीच्या काळजीची लाज वाटली.

रविवारी आम्ही स्टँडवर गेलो. वेंगुर्ल्याची गाडी लागली होती. परुळेकरांची पेटी सीटखाली गेली होती, वळकटी वर. ते दाराच्या पायरीवर उभे राहिले. रजेचं त्यांना कळलं होतंच, गावात ते सगळ्यांनाच कळलं होतं. तरी त्यांनी टोपी सारखी केली आणि दर रविवारच्याच आवाजात विचारलं, "चंपावतीबाई, करायचं का मग?"

अक्काने तोंड उघडलं. काही आलं नाही.

पानपट्टीपाशी 'बघू' उभा होता. तो स्टँडवर कायमच असतो. अक्काची अडचण पाहून तो पुढे आला, इतक्या वर्षांच्या ओळखीने, अगदी तिच्या ओठांपर्यंत. मला तो आलेला दिसला. अक्काने ओठ घट्ट मिटले. त्याने आणखी जोर केला, तसा तिने पदर तोंडाशी धरला. तिचा चेहरा लाल झाला, डोळे भरून आले. पण तिने त्याला बाहेर पडू दिलं नाही. 'बघू' थोडा वेळ घोटाळला आणि पानपट्टीकडे परत गेला.

कंडक्टर म्हणाला, "मास्तर, आत व्हा, दार लावतो."

परुळेकर अक्काकडे बघत होते. गवई सम चुकला की पेटीवाले बघतात तसे, लक्ष देऊन.

"आज तुम्ही बघू म्हणाला नाहीत," ते म्हणाले.

अक्काचा पदर तसाच तोंडाशी होता.

परुळेकर पायरीवरून खाली उतरले. "दिगू," ते मला म्हणाले, "पेटी काढ."

"तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत," कंडक्टर म्हणाला.

"राहू देत," परुळेकर म्हणाले, आणि त्यांनी स्वतःची वळकटी स्वतः उतरवली. आम्ही तिघे बाजारपेठेतून घरी आलो. पेटी चांगलीच जड होती. तरी वाटेत मी ती कुणाच्या हातात दिली नाही.

रजा संपल्यावर 'हो' परत आला. दुपारची वेळ होती, पंगत उठून गेली होती, आम्ही घरचेच जेवायला बसत होतो. तो उन्हाने रापला होता आणि थोडा भरलाही होता. तोंड मिटलेलं होतं. मी त्याला तसं पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने पायांवर पाणी घेतलं आणि आपल्या नेहमीच्या पाटावर येऊन बसला.

"कसं होतं?" परुळेकरांनी विचारलं.

"होतो," तो म्हणाला. "महिनाभर नुसता होतो." आणि मग काळजीने, "माझ्यामुळं काही खोळंबलं का?"

अक्काने सगळ्यांना वाढलं. मग तिने आपलं ताट आणलं आणि आमच्याबरोबर बसली. ती पंगतीत कधी बसत नाही. परुळेकरांच्या हातात ताकाचा पेला होता. कुणी कुणाला काहीही विचारलं नव्हतं.

अक्का म्हणाली, "हो."

एकदाच म्हणाली. मोठ्यानेही नाही. ती म्हणत होती तेवढा वेळ तो पाटावरून उठून उभा राहिला होता, आणि ते संपल्यावर परत खाली बसला. परुळेकरांच्या पेल्यातलं ताक हिंदकळून ताटात सांडलं. त्यांनी उरलेलं पिऊन टाकलं आणि पेला उपडा ठेवला.

थोड्या वेळाने वरून, तीन नंबरातून, माझ्या आमटीत गार पाण्याचा एक थेंब पडला.

"भाकरी वाढू का?" अक्काने 'हो'ला विचारलं.

त्याने काही न बोलता ताट पुढे केलं.